पागेत टाच

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात कूना नावाच्या रस्त्यावर एका हवेलीची जुनी पागा आहे. घोडे केव्हाच गेले. आता तिथे रोज संध्याकाळी माणसं टाचा आपटतात आणि ते बघायला आपण तिकीट काढून जातो. जागेचं नाव 'कासा दे ला मेमोरिया'. पागा ज्या हवेलीची, ती लेब्रिखाच्या काउंटेसची. या बाईंनी १९०१ साली वाडा विकत घेतला आणि शहराबाहेर इतालिका नावाचं एक उजाड रोमन शहर पडलेलं होतं, तिथली मोझेइकची जमीनच्या जमीन उचलून आणून स्वतःच्या घरात बसवली. आमच्या सोसायटीत न्हाणीघराची फरशी बदलायची तर तीन सह्या लागतात. बाईंना कुणी विचारलंसुद्धा नसावं.

पागेपर्यंत आम्ही पोचलो ते आमच्या टूर कंपनीच्या कृपेने. कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'फ्लामेन्को विथ डिनर' होतं आणि त्यातलं डिनर तेवढं खरं होतं. सभागृह लग्नाच्या हॉलएवढं. आमच्या वाट्याला खांबामागचं टेबल. पुढ्यात शाकाहारी पाएया, म्हणजे मीठ घालायचं राहून गेलेला केशरी भात. दूर कुठेतरी लाल झगा फिरत होता आणि लाउडस्पीकरमधून धाडधाड आवाज येत होता. तो झगा आणि तो आवाज एकाच बाईचे आहेत हे आम्ही विश्वासाने मान्य केलं. हिचे मामा तेव्हाच म्हणाले, "जावईबापू, ही मैफल नव्हे, ही वरात आहे."

मामांचा या बाबतीतला अधिकार असा, की तरुणपणी ते तबला शिकले आणि मग बँकेत लागले. तेव्हापासून त्यांची बोटं आलटून पालटून नोटा आणि मात्रा मोजत आली आहेत. निवृत्तीनंतर फक्त मात्रा. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे हिची मावशी, हीसुद्धा बरोबर होती. मावशींच्या पर्समध्ये सुईदोऱ्यापासून हिंगाष्टकापर्यंत सर्व काही असतं आणि परदेशात ते कुणाला तरी लागेल अशी त्यांना सतत आशा असते.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्या दिवशी या पागेचा पत्ता दिला. जागा लहान, माइक नाही, जेवण नाही. "जेवण नाही" ऐकून मावशींचा विश्वास बसला.

रांगेत उभे असतानाच मामांनी फ्लामेन्को आपल्या नावावर करून घेतला. फ्लामेन्कोवाले रोमा लोक मूळचे आपलेच, राजस्थान-पंजाबकडून गेलेले, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खोटा नाही. रोमा लोकांची भाषा आपल्याच भाषाकुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज हिंदुस्थानच्या वायव्येकडून निघाले याबद्दल आता अभ्यासकांत वाद उरलेला नाही. स्पेनमध्ये त्यांना हितानो म्हणतात. इजिप्तमधून आले असा तिथल्यांचा समज झाला, त्यावरून पडलेलं हे नाव. १४२५ साली आरागोनच्या राजाने त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला प्रवासाचा परवाना दिला. त्या परवान्यातही तो इजिप्तकडचाच आहे.

"इजिप्त सांगितलं?" मामा दुखावले. "आपलं गाव सांगायला काय झालं होतं?"

पण गाव सोडून तोवर शेकडो वर्षं झाली होती. वाटेत इराण, आर्मेनिया, ग्रीस लागले. पुढे सेव्हिलच्या या आंदालुसिया प्रांतात मूर मुसलमान होते, ज्यू होते, तिथले शेतकरी होते, अमेरिकेतून परतणारी जहाजं होती. या सगळ्यांनी मिळून जे शिजवलं ते फ्लामेन्को. मी मामांना सांगितलं, की १८८१ साली याच सेव्हिलमध्ये ज्याने फ्लामेन्को गाण्याचा कॅफे काढला, तो सिल्वेरिओ फ्रान्कोनेत्ती हितानो नव्हता. त्याचे वडील इटालियन. मामा म्हणाले, "इटालियन मूळचे कुठले?" मी वाद सोडला.

आत गेलो. विटांच्या भिंती, तीन बाजूंना खुर्च्या, मध्ये एक बुटका लाकडी मंच आणि त्यावर दोन रिकाम्या खुर्च्या. बस्स. आम्ही पहिल्या रांगेत, मंचापासून इतके जवळ की मामांनी पाय लांब केले असते तर तेही कलाकारांत मोजले गेले असते. त्यांच्या शेजारी एक जपानी बाई बसल्या होत्या. त्या ओसाकामध्ये फ्लामेन्को शिकतात असं मोडक्या इंग्रजीत कळलं. जपानमध्ये या नाचाचे वर्गच्या वर्ग चालतात. सेव्हिलला त्या, आपल्याकडे लोक पंढरपूरला जातात तशा, नेमाने येत असाव्यात.

मामांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: सम कुठे? हा प्रश्न इंग्रजीत विचारायला मामांनी दोन्ही हात, मान आणि माझा गुडघा वापरला. बाईंना मात्र कळलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं आणि काचेवर बोट ठेवून दाखवलं: बारा. मग तीन, सहा, आठ, दहा. आणि पुन्हा बारा. फ्लामेन्कोतले बरेचसे भारदस्त प्रकार बारा मात्रांचे आणि ठोके पडतात ते या जागांवर. शिकवतानाही घड्याळाचीच तबकडी काढतात आणि बऱ्याचदा मोजायला सुरुवात करतात ती बारापासून. बारा, एक, दोन, तीन.

"बारा मात्रा म्हणजे एकताल!" मामांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. मग बोटांवर मोजून पाहिलं. तीन, तीन, दोन, दोन, दोन. चेहरा हळूहळू उतरला. एकतालात सगळे विभाग समान, दोन-दोन मात्रांचे सहा. इथे निम्मं अंतर तिनाच्या चालीने जायचं आणि मग अचानक दोनाच्या. "शिवाय आपल्याकडे बारा वाजले की संपलं," ते पुटपुटले, "यांचं तिथून सुरू."

एवढ्यात एक तरुणी मंचावर आली आणि तिने नियम सांगितले. फोटो नाही, व्हिडिओ नाही. शेवटी पाच मिनिटं मुभा मिळेल. बोलू नका. आणि कृपा करून तालावर टाळ्या वाजवू नका, ते काम कलाकारांचं आहे.

पहिले तिन्ही नियम मावशींनी मानेनेच मंजूर केले. चौथ्याला त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या बाईंनी उभ्या जन्मात एक आरती टाळीशिवाय जाऊ दिली नाही, त्यांना हात मांडीवर ठेवून तासभर ताल ऐकायला सांगणं म्हणजे काय असतं, ते त्या तरुणीला ठाऊक नव्हतं.

आधी नुसती गिटार झाली. वादक इतका जवळ की उजव्या हाताची नखं दिसत होती. जाड, चकचकीत. ही मंडळी नखं तुटू नयेत म्हणून त्यांवर चक्क चिकटवायचा गोंद चढवतात. मामांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि मूठ मिटून घेतली.

मग गायकाने तोंड उघडलं आणि मावशी दचकल्या. त्या आवाजाचं वर्णन आपल्या गोड गळ्याच्या कल्पनेत बसत नाही. खरवडलेला, फाटलेला, खालून कुठूनतरी ओढून आणलेला. मान लाल, शिरा टरारलेल्या, डोळे मिटलेले, एक हात हवेत काहीतरी धरायला गेलेला. फ्लामेन्कोत या फाटक्या आवाजाला किंमत. साफ, गुळगुळीत गळा असला तर काही रसिक नाक मुरडतात. मावशींना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्या माझ्या कानाशी लागल्या, "घसा पार बसलाय रे बिचाऱ्याचा. आजारी माणसाला कशाला उभं करायचं?" आणि अंधारात पर्सची चेन सरकल्याचा आवाज आला. माइक नसलेल्या पागेत तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

नर्तकी आली तेव्हा ती आमच्यावर रागावली आहे असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटलं. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, नजर थेट मावशींच्या पर्सवर. आपल्याकडे नाचणारीने हसायचं असतं, निदान मंगलाचरणापुरतं तरी. ही बराच वेळ नुसती उभी राहिली. मग एक हात वर गेला, बोटं एकेक करून मिटली आणि उघडली. आणि मग पाय सुरू झाले.

हे पाय टूर कंपनीच्या हॉलमध्ये आम्ही ऐकले होते, पण तो आवाज विजेवर चाललेला होता. इथे तो खुर्चीच्या पायातून वर चढून दातांपर्यंत येत होता. बुटांच्या टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले असतात. टाच, चवडा, तळवा, प्रत्येकाचा नाद वेगळा. ती दोन फुटांवर असल्यामुळे फळ्यांच्या फटीतून उडणारी धूळ दिसत होती, श्वास ऐकू येत होता. एका गिरकीत केसांतला कंगवा निसटला, मंचावर घरंगळत मामांच्या बुटाशी येऊन थांबला. मामांनी तो उचलला नाही. दोन्ही हातांची बोटं मात्रा मोजण्यात गुंतली होती. बाराव्या मात्रेवर तिने दोन्ही पाय एकत्र आणून असं काही थांबवलं की पूर्ण पागा क्षणभर रिकामी झाल्यासारखी वाटली, आणि त्या फटीत मामांच्या तोंडून भरघोस आवाजात निघालं:

"क्या बात है!"

बोलायला बंदी होती. माझ्या पोटात गोळा आला. पण गिटारवाल्याने मान वर केली, मामांकडे पाहिलं आणि हसला. गायक म्हणाला, "ओले!" तेव्हा ध्यानात आलं की बंदी गप्पांना होती, दादेला नव्हे. इथे दाद देणं हा मैफलीचाच भाग, फक्त ती नेमक्या जागेवर पडली पाहिजे. अवेळी टाळ्या पिटणारा इथे नकोसा होतो, जागेवर हुंकार देणारा घरचा होतो. मामांना आख्ख्या युरोपात पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी कोट काढला.

त्यानंतर गायक एकटाच उभा राहिला. गिटार बाजूला. हा मार्तिनेते नावाचा प्रकार, लोहारांच्या भट्टीशी जोडलेला, साथीला वाद्य नाही. नदीपलीकडच्या त्रियाना भागात हितानोंच्या भट्ट्या होत्या. गाण्यांतून तुरुंग येतो, पहारेकरी येतात. ते उगाच नाहीत. १४९९ साली राजाराणीने हुकूम काढला की साठ दिवसांत एका जागी स्थिर व्हा, धनी धरा, नाहीतर देश सोडा. जुलै १७४९ मध्ये सरकारने आधी ठरवून, एकाच वेळी देशभर धरपकड केली, हजारो हितानो पकडले, पुरुष एकीकडे आणि बायकामुलं दुसरीकडे. आणि हे सगळं फार जुनं म्हणून सोडून द्यावं, तर गेल्या शतकाच्या मध्यावरच त्रियानातल्या कुटुंबांना शहराच्या कडेच्या वसाहतींत हलवलं. आज त्रियाना पर्यटकांना 'फ्लामेन्कोचं माहेर' म्हणून दाखवतात. माहेरची माणसं गावाबाहेर.

यातलं काही मी मामांना तेव्हा सांगत नव्हतो. गरजही नव्हती. "आपलेच लोक" हा विषय त्यांनी त्या रात्री पुन्हा काढला नाही.

शेवट बुलेरियाने झाला. तोच बारा मात्रांचा हिशेब, पण दुप्पट-तिप्पट घाईत आणि थट्टामस्करीच्या अंगाने. आता सगळेच टाळ्या वाजवत होते, म्हणजे मंचावरचे. एक जण ठोक्यावर, दुसरा बरोबर त्याच्या मधल्या फटीत. कधी हात पोकळ धरून दबका आवाज, कधी बोटं तळव्यावर मारून कडक. दोन माणसांच्या टाळ्यांतून चारपाच जणांचा भास. मावशींचे हात शिवशिवत होते ते मला दिसत होतं. एक टाळी निसटली. दुसरी निसटली. आरतीचा रोखठोक ठेका, बारा मात्रांच्या मधोमध. तिसरीच्या आधी जपानी बाईंनी मामांच्या मांडीवरून हात लांब करून मावशींचं मनगट अलगद धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. भाषा येत नसताना इतका स्पष्ट संवाद मी दुसरा पाहिलेला नाही.

मग फोटोची मुभा मिळाली आणि सगळ्यांनी फोन काढले. खरं सांगायचं तर तिथून पुढे कुणी काही पाहिलं नाही.

बाहेर चौकात कलाकार पाणी पीत उभे होते. मावशी थेट गायकापाशी गेल्या आणि पर्समधली पुडी उघडून त्यांनी ज्येष्ठमधाची एक काडी त्याच्यापुढे धरली. घशाला हात लावून दाखवला. "दातांखाली धर बाळा, रस गिळ." मी मध्ये पडणार होतो. पण गडी काडी बघून खुलला. ती त्याने वास घेऊन ओळखली, "पालोदुस!" असं ओरडला आणि सिगारेटसारखी ओठांच्या कोपऱ्यात धरली. आंदालुसियातली पोरं जत्रेत हीच मुळी चघळत मोठी होतात. त्याने गिटारवाल्याला अर्धी मोडून दिली. मामा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणणार होते, बहुधा "मूळची कुठली?" पण त्यांनी आवरलं.

सेव्हिलला जाणार असाल तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. जेवणासकट मिळणारा फ्लामेन्को टाळा. दोन्ही अर्धवट होतात. लहान जागा शोधा, जिथे माइक नाही. तिकीट आधी काढा, आणि खुर्च्यांना नंबर नसतील तर दारं उघडण्यापूर्वी रांगेत लागा, कारण पाय दिसले नाहीत तर निम्मा कार्यक्रम गेला. तालाला टाळी नको. जागेवर "वा" आली तर मात्र गिळू नका. पोटाची काळजी करायचं कारण नाही: कार्यक्रम संपवून तुम्ही बाहेर पडता तेव्हा सेव्हिलची माणसं नुकतीच जेवायला बसत असतात.