उरलेले तीन बोल्ट

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकी उभी केली, तीही किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, नियमात बसत नाही म्हणून ती आज ना उद्या अडवतील हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत बोलेरो मिळालीही. तेव्हापासून सांगली-साताऱ्यात आळीआळीला एक संशोधक आहे. साताऱ्यातला मी.

जुन्या गाडीचं इंजिन अंगणात उतरवलं. खोलायला एक रविवार पुरला. पिस्टन घासलेटात, बोल्ट बायकोच्या पुरणाच्या परातीत. (परात कुणाची, हे तिला संक्रांतीला कळलं.) नव्या रिंगा बसवताना त्यांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नसतात, हे पिस्टन आत गेल्यावर समजलं. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून कडेला जात, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळायचे असतात. आम्ही सातारी ताकदीनं आवळले. एक तुटला.

शेजारचे अण्णा रोज चहाला येत. ‘आमच्या सांगलीकडं किर्लोस्करवाडी १९१० पासनं आहे, तुमचं काय?’ असं विचारून बिस्कीट बुडवत.

दीड महिन्यानं इंजिन जोडलं. परातीत तीन बोल्ट उरले.

‘कंपनीनं जास्तीचे दिले असणार,’ अण्णा म्हणाले.

चावी फिरवली. धूर निघाला, निळा, भरपूर. अण्णांनी मोबाईल काढून व्हिडिओ घेतला. महिंद्रांना पाठवलाय म्हणे. मी फाटकाकडं बघत बसलोय.