नारळ मिळाला, दाखला राहिला

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांचा सगळ्यात मोठा मुहूर्त ३१ मे हा असतो आणि तो कुठल्याही पंचांगात छापलेला नसतो. एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे, त्याचा हा परिणाम. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, “जन्म कधीचा?” बाप सांगायचा, “दुष्काळाच्या दुसऱ्या साली, बेंदराच्या आगंमागं.” रजिस्टरात बेंदराचा रकाना नव्हता. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला, म्हणजे वय सहा. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख १ जून. संपलं.

पुढे ही पोरं तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, मास्तर झाली. राज्य सरकारी कर्मचारी ५८ वर्षं पुरी झाली की त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. चतुर्थ श्रेणीला ६० वर्षं मिळतात. मात्र जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीलाच बाहेर पडायचं असा नियम आहे. म्हणजे गुरुजींनी त्या दिवशी १ऐवजी २ लिहिले असते, तर अख्ख्या जून महिन्याचा पगार पदरात पडला असता. हा हिशेब बहुतेकांना नोकरीच्या शेवटच्या वर्षात सुचतो, आणि तोवर गुरुजी आभार किंवा शिव्या यांतलं काहीच घ्यायला हयात नसतात.

जाता जाता, आपली एसटीसुद्धा याच तारखेची. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर रस्त्यावर तिची पहिली गाडी धावली. तिला हाच नियम लावला असता, तर ३१ मे २००६ला शाल-श्रीफळ देऊन तिला आगारात बसवावं लागलं असतं. खेड्यापाड्यांतल्या प्रवाशांचं नशीब, की नियम ड्रायव्हर-कंडक्टरांपुरता राहिला.

तर ३१ मे, दुपारी चारचा सुमार. मीटिंग हॉलमध्ये टेबलावर हिरवं कापड, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि माइक. माइकवर फुंकर मारून झालेली. तीन-चार सत्कारमूर्ती ओळीनं बसलेले आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती, ज्यांचं नाव ऑफिसनं आजवर फक्त वारसाच्या नामनिर्देशन फॉर्मवर वाचलेलं असतं. एवढी वर्षं डबा भरून देणाऱ्या वहिनी पहिल्यांदाच या खोलीत येतात आणि आल्या आल्या त्यांच्या लक्षात येतं, की घरी ज्याचं इतकं वर्णन ऐकलं ते ‘आमचं ऑफिस’ म्हणजे हे.

या समारंभाची पूर्वतयारी पंधरा दिवस आधी सुरू होते आणि ती वर्गणीची असते. एखादा उत्साही कनिष्ठ लिपिक नावांची यादी आणि एक खाकी पाकीट घेऊन टेबलोटेबली फिरतो. यादीत सगळ्यात वर साहेबांचं नाव. साहेबांनी पाचशे लिहिले की खालचे दोनशे लिहितात; साहेबांनी दोनशे लिहिले की खालची सगळी माणसं एकदम चहाला गेलेली असतात. एक गृहस्थ प्रत्येक वेळी ‘नंतर देतो’ असं लिहून सही करतात. त्यांचा स्वतःचा निरोप समारंभ दोन वर्षांवर आला आहे, आणि पाकीटवाल्यांनी त्यांच्यासाठी हार किती फुलांचा आणायचा हे आत्ताच ठरवून टाकलं आहे. जमलेल्या पैशांतून भेट येते ती बहुधा विठ्ठल-रखुमाईची मूर्ती किंवा चाकांची प्रवासी बॅग. पहिलीचा अर्थ ‘आता देवाचं नाव घ्या’ असा, आणि दुसरीचा अर्थ आणखी स्पष्ट.

भाषणांबद्दल फार सांगण्यासारखं नसतं. साहेब तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेले असतात, त्यामुळे ते चिठ्ठी पाहून ‘यांची उणीव सदैव भासेल’ असं सांगतात. ज्याला ते हे सांगतात त्याला त्यांनीच मार्चमध्ये ‘कारणे दाखवा’ बजावलेली असते. सहकारी बोलतो, “अण्णांनी कधी आवाज चढवला नाही.” चढवायला अण्णा जागेवर सापडत कुठे होते, असं मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटतं आणि तिथल्या सगळ्यांना समोशाचा ठसका लागतो.

खरी बहार उत्तराच्या भाषणात. इथे सत्कारमूर्तीनं वरिष्ठांचे आणि सहकाऱ्यांचे आभार मानायचे असतात, आणि हे आभार मानण्याचा क्रम पाहण्यासारखा असतो. ज्यानं शेजारच्या टेबलावर पंचवीस वर्षं डबा वाटून खाल्ला, ज्यानं मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं, बायकोच्या ऑपरेशनला रक्त दिलं, त्याचं नाव सहाव्या की सातव्या क्रमांकावर येतं. पहिला नंबर साहेबांचा, तो रिवाजच आहे. दुसऱ्या नंबरवर मात्र न चुकता आस्थापना शाखेचा लिपिक असतो. “ज्यांचं सहकार्य मला सेवेत सतत लाभलं आणि यापुढेही लाभेल,” असं सत्कारमूर्ती त्याच्याकडे पाहत म्हणतो. जोर ‘यापुढेही’वर असतो. आस्थापना लिपिक नम्रपणे मान खाली घालतो, कारण सेवापुस्तक त्याच्या कपाटात आहे, हे त्यालाही ठाऊक आणि हॉललाही.

सेवापुस्तक ही काय चीज आहे, हे ज्यानं निवृत्तिवेतनाचं प्रकरण स्वतः पळवलेलं नाही त्याला कळायचं नाही. नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, रजा, सगळ्याची नोंद त्यात असते. असावी, असं नियम म्हणतो. १९९२ साली तालुक्याला असताना घेतलेल्या अर्जित रजेची नोंद राहून गेलेली असते. हिंदी-मराठी भाषा परीक्षा पास झाल्याचं पान असतं, पण त्यावर सही नसते. संगणकाचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं, पण त्यावर नाव ‘दत्तात्रय’ आणि सेवापुस्तकात ‘दत्तात्रेय’. वेतन पडताळणी पथकानं काढलेला आक्षेप कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलेला असतो, आणि पेन्सिलीचं लिखाण शाईपेक्षा जास्त टिकतं हा सरकारी कचेऱ्यांतला अनुभव आहे. हे सगळं निस्तरून प्रकरण मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या महालेखापालांकडे जायचं, तिथून त्रुटी लागून परत यायचं नाही, आणि मग उपदान, साठलेल्या तीनशे दिवसांपर्यंतच्या रजेचं रोखीकरण आणि मासिक निवृत्तिवेतन सुरू व्हायचं. ज्याच्या हातात हे पुस्तक, त्याचे आभार दुसऱ्या नंबरवर मानले यात कृतघ्नपणा शोधणाऱ्याचं पेन्शन बहुधा वेळेवर सुरू झालं असावं.

नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांची कथा वेगळी. त्यांना जुनी पेन्शनच नव्हती. म्हणून तर मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे कर्मचारी संपावर उतरले. तेव्हा आस्थापना लिपिकही त्यांच्यासोबत घोषणा देत होता.

आभारांची सांगता ठरलेली असते. सत्कारमूर्ती रुमाल काढतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, “मी आपले आभार मानून परकेपणा करणार नाही. मी आपल्या सर्वांच्या ऋणातच राहणं पसंत करीन.” टाळ्या पडतात. मागच्या खुर्चीत बसलेले कर्मचारी पतसंस्थेचे सचिव तेवढे टाळ्या वाजवत नाहीत.

त्यांचं खरं आहे. ऋणात राहायला पतसंस्थेची मुळीच परवानगी नसते. घराच्या स्लॅबसाठी, थोरल्याच्या इंजिनीअरिंगसाठी आणि धाकटीच्या लग्नासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते आजवर पगारातून परस्पर कापले जात होते. सहकार कायद्याच्या ४९व्या कलमात तशी सोयच आहे. उद्यापासून पगार नाही, म्हणजे कपात नाही. कर्जाला जामीन कोण? हॉलमध्ये बसलेलेच दोघं. सत्कारमूर्तीनं ‘ऋणात राहणं’ म्हणताच हे दोघं जामीनदार एकमेकांकडे बघतात आणि एकाचा पेढा हातातच राहतो. भावनेच्या भरात माणूस काय बोलेल, आणि त्याचं व्याज कुणाला भरावं लागेल, याचा नेम नसतो. समारंभ संपल्यावर हार काढायच्या आत ते त्याला जिन्यात गाठतात आणि विचारतात, “नादेय दाखला घेतलात ना?”

आता या सगळ्याला दिखाऊपणा म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. पण मोकळेपणानं आभार मानायला, किंवा न मानायला, माणसाचं कुठल्या कपाटात काही अडकलेलं नसावं लागतं. सचिन तेंडुलकरनं १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर, दोनशेव्या कसोटीनंतर भाषण केलं, तेव्हा कुणाचं नाव राहायला नको म्हणून तो चक्क नावांची यादी घेऊन उभा होता. वडील, आई, भाऊ अजित, पत्नी, प्रशिक्षक आचरेकर सर यांच्यापासून डॉक्टर, फिजिओ आणि फोटोग्राफर यांच्यापर्यंत सगळे त्यात आले. इतक्या वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही, हेही त्यानं हसत सांगून टाकलं. कुठला लिपिक आपल्या साहेबाबद्दल हे भर समारंभात बोलेल? सचिनला आचरेकर सरांकडून कसलाही दाखला घ्यायचा राहिला नव्हता.

आणि न मानणाऱ्यांचीही आपल्याकडे थोर परंपरा आहे. १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडताना लोकमान्य टिळकांनी जे राजीनामापत्र लिहिलं, त्याची लांबी पाहिली तर एवढा मजकूर लोक नोकरीच्या सुरुवातीलाही लिहीत नाहीत. आजीव सभासदांनी महिना ७५ रुपयांत राहावं, बाहेरची कमाई आणि बाहेरचे उद्योग करू नयेत, हा मूळचा संकल्प कुणी कुठे ढिला केला, याचा त्यात बारकाईनं पाढा वाचलेला आहे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, हे तर शेवटचं निमित्त ठरलं. सहकारी होते आगरकर, गोखले, आपटे. एवढं तालेवार मंडळ सोडून जाताना ‘सर्वांच्या सहकार्याबद्दल’ वगैरे भानगड नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा लोकसभेत उभं राहून, मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय कसा झाला, हे पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं. ज्याला निरोपाच्या भाषणात साहेबाला दोन शब्द सुनवायची हौस आहे, त्यानं आधी देशमुखांसारखं रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर होऊन यावं.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे शाल आणि श्रीफळ जात नाही. तिथे मेल जातो. शेवटच्या दिवशी, लॅपटॉप परत करायच्या तासभर आधी, तीनशे जणांना. त्यातल्या अडीचशे जणांना हा कोण हे त्याच मेलवरून कळतं. मॅनेजरनं नव्वद दिवसांच्या नोटिशीतला एक दिवसही कमी केलेला नसतो, शनिवार-रविवार राबवलेलं असतं, तरी ‘त्यांच्या मार्गदर्शनाशिवाय हा प्रवास शक्य नव्हता’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात असतंच. पोरगं मूर्ख नसतं. रिलीव्हिंग लेटर अजून यायचं आहे, पूर्ण हिशेब व्हायला महिना-दीड महिना आहे, आणि नवीन कंपनीच्या चौकशीवाल्याचा फोन याच मॅनेजरला जाणार आहे. तालुक्याच्या कचेरीतल्या अण्णांना आणि या पोराला एकमेकांची भाषा कळणार नाही, पण आभारांचा क्रम लावायला दोघं एकाच शाळेत शिकलेले दिसतात. फरक इतकाच, की त्या मेलला चुकून ‘सर्वांना उत्तर’ देणारा एखादा निघतो आणि मग तासभर तीनशे जण एकमेकांना ‘ऑल द बेस्ट’ देत बसतात.

एसटीच्या आगारात मात्र अजून निराळा प्रकार बघायला मिळतो. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला सहकारी गाडीला झेंडूच्या माळा घालतात. फेरी संपवून तो उतरतो, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करतो आणि बॉनेटला टेकून फोटो काढून घेतो. आगार व्यवस्थापकाचे आभार तो मानतो, नाही असं नाही. पण आधी गाडीचे. गाडीकडे त्याचं सेवापुस्तक नसतं.

कचेरीतल्या अण्णांचं पुढे काय होतं, तेही सांगायला हवं. जूनमध्ये ते रोज सकाळी फिरायला जातात. जुलैत आठवड्यातून एकदा ऑफिसला जातात. ऑगस्टमध्ये प्रकरण त्रुटी लागून परत येतं, आणि अण्णा पुन्हा जवळजवळ कामावर हजर होतात. फक्त आता हजेरीपटावर सही नसते आणि चहाचे पैसे त्यांनी द्यायचे असतात. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र होतं. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देण्याची वेळ येते, तेव्हा पेन्शन सुरू झालेली असते. रजा रोखीकरणाचं बिल तेवढं अडकलेलं असतं. आस्थापना लिपिक म्हणतो, “अण्णा, तुमचं काम माझ्या डोक्यात आहे.” डोक्यात आहे याचा अर्थ कागदावर नाही, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीत अण्णांनीच दुसऱ्यांना शिकवलेलं असतं.

आणि डिसेंबरअखेर हा आस्थापना लिपिकच निवृत्त होतो. समारंभाला अण्णा कोऱ्या इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या पैशाचा पुष्पगुच्छ घेऊन हजर. पहिल्या रांगेत जागा पकडतात, प्रत्येक भाषणाला टाळ्या वाजवतात, सत्कारमूर्तीच्या मनमिळाऊ स्वभावावर स्वतःही चार शब्द बोलतात. त्यांचं नाव आभारांत येत नाही, पण त्यांचं तिकडे लक्षही नसतं. समोशाची बशी मांडीवर ठेवून ते शेजारच्याच्या कानाशी वाकलेले असतात: “यांचा चार्ज कुणाकडे जातोय हो?”