रिक्त पदी आरशाची नेमणूक

मालवाहू गाडीच्या बाजूचा आरसा मोठ्या विचित्र पेचात जन्माला येतो. गाडीचा हौदा केबिनपेक्षा रुंद असतो आणि हौद्यात टोमॅटोची कॅरेट टपाच्याही वर रचलेली असल्याने आत टांगलेल्या इवल्या आरशात प्लास्टिकच्या जाळीखेरीज कशाचेच दर्शन घडत नाही; सबब मागचे दिसावे अशी इच्छा असेल तर बाजूच्या आरशाने गाडीच्या यच्चयावत् अवयवांच्या बाहेर हात लांब करून उभे राहिले पाहिजे; आणि जो सर्वांच्या बाहेर उभा राहतो त्यालाच पहिला टोला बसावयाचा, हा पाणंदीचा शिरस्ता आजवर कोणत्याही सरकारला बदलता आलेला नाही. आखडून बसवावा तर दिसत नाही, लांबवून बसवावा तर राहत नाही. या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी टिकाऊ आरसा नामक वस्तू वसत असावी असे अनुमान करून तिचा शोध घेण्याची कामगिरी गतवर्षी माझ्याकडे आली.

माझ्या पुतण्याची पिकप जुन्नर तालुक्यातल्या शेतांतून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वाहते. तिचा डावा आरसा एका बाभळीने आणि उजवा उसाच्या एका ट्रॉलीने केव्हाच जप्त केला होता. परंतु त्यावाचून कोणाचे काही अडले नव्हते, कारण गाडीवर किन्नर होता. या किन्नराचे अर्धे शरीर सदैव डाव्या खिडकीबाहेर असे. दारावर त्याची एक थाप पडली की थांबावयाचे आणि दोन पडल्या की निघावयाचे, हा एस.टी.च्या घंटीवरून उचललेला संकेत तर होताच; शिवाय मागून येणाऱ्या वाहनाची जात, त्याचा वेग, त्याच्या चालकाची मनःस्थिती आणि बहुधा त्याचे गाव, एवढा सगळा मजकूर तो ‘जाऊ द्या त्याला’ या तीन शब्दांत बसवीत असे, आणि असा मजकूर पुरवणारा आरसा अद्याप कोणत्याही कारखान्याने काढलेला नाही. पासिंगचा दिवस आला की शेजारच्या पिकपचे आरसे उसने आणून लावावयाचे आणि सायंकाळी ते साभार परत करावयाचे, एवढाच काय तो कायद्याचा आणि आमचा संबंध.

वस्तुतः पिछाडीची जबाबदारी मागून येणाऱ्याची, ही आपल्याकडची फार जुनी वहिवाट आहे. ट्रकच्या पाठीवर रंगवलेली ‘हॉर्न ओके प्लीज’ ही विनंती म्हणजे, आम्ही मागे पाहणार नाही, आपण आल्याची वर्दी आपणच द्यावी, अशी उघड सूचनाच होती. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून ती विनंती मना केली. पण विनंती मना झाल्याने वर्दी देणाऱ्यांचा उत्साह यत्किंचितही कमी झाला नाही.

तर अशा सुस्थापित राज्यव्यवस्थेत, चाकणच्या एका कारखान्यात महिन्याचा ठरावीक पगार, दोन वेळचा चहा आणि रविवारची सुट्टी मिळते असे कळताच किन्नराने राजीनामा न देताच पदत्याग केला. पद रिक्त झाले.

“नाना, आता आरशांशिवाय सुटका नाही,” पुतण्या म्हणाला. “तुम्हीच बघून आणा. पण असे आणा, की परत परत आणायला नकोत.”

मामलेदार कचेरीत हयात घालवलेल्या मनुष्याला दरपत्रके चाळण्याचा सराव असतो, म्हणून त्याला जगातील कोणतीही वस्तू पारखता येत असली पाहिजे, ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे आणि ती मी कधीही ढळू दिलेली नाही.

प्रकरण हाती घेण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका पाहावी ही माझी नोकरीतली खोड. ती पाहता असे आढळले, की डोरोथी लेव्हिट नामक इंग्रज मोटारचालक बाईंनी १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना असा सल्ला दिला होता की, मोटारीत एक हातआरसा बाळगावा आणि तो अधूनमधून उंच धरून मागची रहदारी पाहत जावी. परंतु माझे लक्ष खरे वेधले ते ३० मे १९११ या तारखेने. त्या दिवशी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारी एक यंत्रज्ञ बसलेला असे, आणि यंत्रावर नजर ठेवण्याबरोबरच मागून कोण येत आहे हे सांगणे त्याच्याकडे असे; रे हॅरून हा गृहस्थ मात्र एकआसनी मार्मन गाडी घेऊन एकटाच उतरला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, की या मनुष्याला मागचे दिसणार कसे? त्याने गाडीवर आपल्या पुढ्यात एक आरसा ठोकला, हरकत निकालात काढली आणि पावणेसात तासांच्या आत शर्यतही जिंकली. म्हणजे गाडीवरचा आरसा मुळी किन्नराला बडतर्फ करण्यासाठीच अवतरला! मात्र पुढे याच हॅरूनने सांगून टाकले, की विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीएक दिसत नव्हते. ही जबानी मी अधोरेखित करून ठेवली. इंडियानापोलिसच्या विटा आमच्या पाणंदीच्या मानाने गालिचा म्हणावा लागेल.

पुण्याच्या नाना पेठेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत, आरशांची भिंतच्या भिंत लावलेली असते, आणि तिच्यासमोर उभे राहिले असता गिऱ्हाइकाला स्वतःचेच असंख्य गोलमटोल, लांबोडके, तिरपे अवतार एकसमयावच्छेदेकरून दिसून त्याचा खरेदीतला आत्मविश्वास बराचसा खचतो. “काका, ओरिजिनल दाखवू का लोकल?” असे विचारीत दुकानदाराने अ‍ॅक्रिलिकचा एक आरसा काढला आणि मला काही कळण्याच्या आत तो फरशीवर आपटला. आरसा टुणकन उडाला, फुटला नाही. “अनब्रेकेबल!” मी तो उचलून खिशातल्या रुमालाने पुसला. रुमालात नारायणगावापासूनची धूळ असल्यामुळे त्याच्यावर रुमालाच्या आकाराची एक बारीक, वर्तुळाकार, कायमची धूसरता उमटली. हा प्रकार त्याच्या ध्यानात आणून दिला असता तो शांतपणे म्हणाला, “पुसायचा कशाला पण?”

न फुटणारा आणि न दिसणारा, असे त्याचे वर्गीकरण करून मी पुढे सरकलो. चकचकीत पोलादी पत्र्याचाही एक नमुना होता. त्याला पोचा पडला की मागचा सज्जन ट्रक जलोदर झाल्यागत फुगतो. धातूचाच आरसा पाहिजे तर केरळात आरन्मुळा येथे तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा घोटून घोटून करतात तसा घ्यावा. त्याच्यात काचेचा अडसर नसल्याने प्रतिबिंब निखळ मिळते. परंतु असला राजस ऐवज बाभळीपुढे नेऊन उभा करण्याची कल्पना माझ्याने करवेना. राहता राहिली काच. तिच्या पाठीला चांदीचा मुलामा असेल तर ती अधिक लख्ख दाखवते, पण कडेने ओल शिरली की पावसाळ्यात काळ्या डागांचे अतिक्रमण सुरू होते. क्रोमचा मुलामा किंचित मंद, पण सोशिक. जुन्नरचा पाऊस ध्यानी घेता मी सोशिकाच्या बाजूने कौल दिला.

सपाट की बहिर्वक्र, हा मुद्दा मात्र वाटला त्याहून बिकट निघाला. सपाट आरसा अंतराच्या बाबतीत खरे बोलतो पण फार थोडे बोलतो. बहिर्वक्र आरसा पुष्कळ सांगतो पण प्रत्येक गोष्ट लहान करून सांगतो. १२०० मिलिमीटर वक्रतात्रिज्येच्या आरशात मागचे वाहन कितीही दूर असो, त्याची प्रतिमा काचेमागे दोन फुटांच्या आतच पडते, म्हणजे अवघा पुणे-नाशिक महामार्ग, ट्रकांसह आणि ट्रॉल्यांसह, चालकाच्या कोपराजवळ एका फडताळाएवढ्या जागेत कोंबलेला असतो. अमेरिकेत अशा आरशावर, वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत, असा इशारा कोरून देण्याची सक्ती आहे. आमच्या चालकांना त्याची गरज नाही, कारण दिसणारी वस्तू जवळच असते आणि हॉर्न वाजवीत असते. मी बहिर्वक्र पसंत केला.

परंतु काच, मुलामा आणि वक्रता यांवर मी तयार केलेले टिपण नारायणगावच्या फिटरला वाचून दाखवले, तेव्हा त्याने पान्याने पाठ खाजवीत ते सबंध ऐकून घेतले आणि म्हणाला, “नाना, काच फुटली तर फुटू द्या की. दांडी बघा. ताठ दांडी घेतली तर ती मोडायची नाही, दाराचा पत्रा फाडून घेऊन येईल.” तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका शेरा मी कोणत्याही वरिष्ठाकडून ऐकलेला नव्हता. टिपणाची नवी प्रत झाली. दांडी वर आणि खाली अशी दोन ठिकाणी धरलेली असावी, म्हणजे हॅरूनसाहेबांची थरथर उद्भवणार नाही. सांध्यात स्प्रिंग असावी आणि धक्का पुढून लागो वा मागून, आरसा निमूटपणे मुडपावा. आवरण पत्र्याचे असावे, कारण काळे प्लास्टिक चार उन्हाळ्यांत उन्हाने कडकून पापडासारखे तुटते. काच रबरात बसवलेली असावी, म्हणजे एकटी बदलता येईल. नट दहा नंबरच्या पान्याने आवळता येणारे असावेत, कारण तो पाना प्रत्येक गाडीत असतो. आणि डावाउजवा भेद नसावा, म्हणजे घरी एकच जादा आरसा ठेवून भागेल. असा आरसा नाना पेठेच्या त्या सबंध भिंतीवर अगदी खालच्या रांगेत, धूळ खात पडलेला मिळाला. त्याला ‘अनब्रेकेबल’ म्हणण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती.

नेमणूक झाली. पाणंदीतल्या त्याच बाभळीने डाव्या आरशाची चौकशी केली. तो मुडपला, आणि पुतण्याने खिडकीतून हात घालून एका बोटाने त्याला पुन्हा कामावर रुजू केले. वहिनींनी दोन्ही दांड्यांना काळे दोरे बांधले, त्यामुळे दृष्टीचाही प्रश्न मिटला. काही दिवस सर्व कारभार सुरळीत चालला.

मग एके पहाटे नारायणगावच्या बाजारात गाडी मागे घ्यावयाची वेळ आली. गर्दी अफाट, कॅरेटांच्या थप्प्या दोन्ही अंगांना, आणि हौद्यामागे कोण कुठले चार हमाल आपण होऊन उभे राहून, कोणी सांगितले नसता, “येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या” असा पुकारा करू लागले. पुतण्याने येऊ दिले. लोखंडी खांबाला लागून मागचा दिवा गेला. पंचनामा करावयास मी उतरलो तेव्हा दिसले, की दोन्ही आरसे पूर्ण शाबूत होते. बाजारात कोणाचा धक्का लागू नये म्हणून पुतण्याने ते आत शिरतानाच काळजीपूर्वक मिटून घेतले होते.

मागच्या दिव्याला लोखंडी जाळी बसवावी असे फिटरचे मत आहे. दरपत्रके मागवली आहेत.