पाऊण पट्टी

मीटरकाकांना जेवायला बोलवायचं तर आधी घरातला रेडिओ, टीव्ही आणि पोरांचे मोबाइल बंद करायचे असतात, हे आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत आता नव्या भाडेकरूलाही सांगावं लागत नाही. चुकून काही वाजत राहिलंच, तर काका पहिला घास हातात धरून थांबतात, मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "उतरलंय."

पुढे आमटी गार होते.

उतरलंय म्हणजे यंत्र हळू फिरतंय आणि त्यामुळे गाणाऱ्याची पट्टी खाली आलीय. तुम्हाआम्हाला गाणं ऐकू येतं, काकांना आधी फेरे ऐकू येतात. यात त्यांचा फारसा दोष नाही. वीज मंडळाच्या मीटर टेस्टिंगमध्ये त्यांनी 36 वर्षं काढली. जुन्या मीटरमध्ये एक ॲल्युमिनियमची चकती असायची, तिच्या कडेला काळी खूण. एका युनिटला इतके फेरे, असं मीटरवरच छापलेलं असे. काका हातात स्टॉपवॉच घेऊन चकतीसमोर बसायचे आणि खूण किती वेळा पुढून गेली ते मोजायचे. चकती आळशी असेल तर मंडळाचं नुकसान, उतावळी असेल तर गिऱ्हाइकाचं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला नारळ घरी आणून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून काका दुसऱ्या चकत्यांकडे वळले.

त्यांच्या घरी गेलात तर दिवाणखान्यात सगळीकडे एलईडी दिवे दिसतील, पण एका कोपऱ्यात मात्र जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब आहे. लावली की मधमाशीसारखी गुणगुणते. काकूंनी ती काढायला तीनदा वायरमन बोलावला, काकांनी तीनदा त्याला चहा पाजून परत पाठवला. कारण त्या ट्यूबखाली त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि प्लेअर तपासायची जी पट्ट्यापट्ट्यांची गोल चकती असते ती एलईडीखाली बहुधा काही बोलत नाही. आपली वीज 50 सायकलची, म्हणजे ही ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते. चकतीवर 77 काळ्या रेघा. प्लेअर मिनिटाला 78 च्या वेगाने फिरत असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. हळू असला की मागे सरकतात, जोरात असला की पुढे. हा चमत्कार काका प्रत्येक पाहुण्याला दाखवतात. मी तो किमान अकरा वेळा पाहिलाय, त्यात दोनदा तर मी फक्त कुकरची शिट्टी मागायला गेलो होतो.

"आता बघ, रेघा उभ्या आहेत ना? म्हणजे मशीन बरोबर आहे," काका म्हणतात. मग रेकॉर्ड लावतात, मान तिरकी करतात. "तरी उतरलंय!"

मशीन बरोबर आणि गाणं उतरलेलं, हे कसं? त्याचंही त्यांच्याकडे उत्तर असतं. कंपनीनं रेकॉर्ड भरताना तिकडचं मशीन जोरात फिरत होतं. जोरात भरलेलं आपण नेमक्या वेगाने वाजवलं की खालीच वाजणार. हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही. सुरुवातीच्या काळात रेकॉर्ड 70 पासून 80 च्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने भरल्या जात, 78 हा आकडा मागाहून स्थिरावला. 1902 साली कलकत्त्यात गौहर जाननं गाणी भरली आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, ते जर्मनीत तबकडी छापणाऱ्यांना कळावं म्हणून, असं सांगतात. काकांना त्या गाण्यापेक्षा ते नाव सांगणं जास्त आवडतं. "गाणं फसवतं रे, बोलणं फसवत नाही. बाई बोलताना बाईसारखी वाटली की वेग जमला."

शंभराला सहा, हे त्यांचं कोष्टक. वेग शंभराला सहाने वाढवला की पट्टी एकने चढते, म्हणजे काळी एकचा गवई पांढरी दोनवर जातो. 33 ची रेकॉर्ड चुकून 45 वर लावली तर सा उठून मध्यमाच्याही किंचित पुढे जाऊन बसतो. आमच्या गल्लीतल्या पेटीमास्तरांनी एकदा हटकलं, "अहो, तुम्ही पट्टी ताडून बघता कशाशी? त्या काळच्या पेट्या तरी कुठे एका सुरात होत्या? ते 440 चं प्रमाण 1939 साली लंडनला ठरलं." त्यावर काकांनी फक्त स्वतःच्या कानाला बोट लावलं. मास्तर गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, दूध उतू जात होतं म्हणून.

रविवारी संध्याकाळी आमच्या क्लब हाऊसमध्ये कराओके असतं. साठीच्या पुढचे दहाबारा गृहस्थ आणि चार भगिनी. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ट्रॅक, आणि प्रत्येक ट्रॅक दोन पट्ट्या खाली घेतलेला, कारण रफीसाहेबांना जे सोसत होतं ते बँकेच्या पेन्शनरला सोसत नाही. काका पहिल्यांदा आले तेव्हा शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. दुसऱ्या गाण्याला उभे राहिले.

"पट्टी खाली घेतली?"

"हो, दोन."

"आणि लय तीच?"

"तीच की! ॲपमध्ये सोय आहे."

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. 36 वर्षांत वीजचोर पुष्कळ पाहिले होते त्यांनी, पण इतका निर्लज्ज नव्हता पाहिला. "म्हणजे लोड चालू आहे आणि चकती फिरत नाही! अहो, हा आकडा टाकलाय तुम्ही, आकडा!"

त्यांच्या जगात वेग आणि पट्टी यांचं लग्न लागलेलं होतं. एक हलला की दुसरीनं हलायचं. कंप्यूटरनं हा संसार मोडला. तो आवाजाचे सेकंदाच्या शतांशाच्या हिशेबात बारीक तुकडे करतो, ते ताणतो नाहीतर आकसतो आणि एकमेकांवर चढवून पुन्हा सांधतो. जोड सहसा कळत नाही. काकांना कळतो. "तबल्याची थाप बघ कशी झाली. सादळलेलं भडंग." मी ऐकलं, आणि देवाशपथ, तेव्हापासून मलाही ते भडंगच ऐकू येतं. काकांचा हा एक उपद्रव आहे, ते आपला आनंद परत करत नाहीत.

नातीनं एकदा मोबाइलवर ते हल्ली निघालेलं, वेग कमी करून घुमवलेलं गाणं लावलं, तेव्हा मात्र काका चिडले नाहीत. काळजीत पडले. "ह्याला ताप आलाय," म्हणाले, "आणि हा विहिरीत पडलाय."

रेडिओ उतरलेला, सनईवाला उतरलेला, लग्नातला बँड तर नवरदेवाच्या तोंडासारखा उतरलेला. साऱ्या दुनियेत त्यांच्या मते एकच जागा अशी होती जिथे पट्टी चोख असायची, ती म्हणजे जुनं दूरदर्शन. छायागीतातल्या सिनेमाच्या गाण्यांची आठवण निघाली की काकांचा आवाज ओला होतो. "चित्र दिसायचं नाही, मुंग्या यायच्या, पण पट्टी! सरकारी काम होतं, अचूक." ही गोष्ट मी ध्यानात ठेवली नव्हती. ठेवायला हवी होती.

मधे आमच्या आजीची कॅसेट झाली.

आमच्या घरात एक कॅसेट आहे. 1980 च्या दशकात चुलत्यांनी नवा टू-इन-वन आणला, त्यावर आजीची भूपाळी भरून घेतलेली. आजी गेल्यावर दर वर्षी तिच्या श्राद्धाला पानं वाढून झाली की ती लावतात. आवाज लहान मुलीसारखा किनरा, भरभर म्हटलेली भूपाळी, मागे लंबकाच्या घड्याळाची टिकटिक, आणि शेवटी एक बारीकसा खोकला. त्या खोकल्याला आत्या डोळ्यांना पदर लावते. गेल्या वर्षी टेप अडकायला लागली म्हणून मी ती काकांकडे नेली. त्यांनी ऐकली, मान तिरकी केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "चढलंय."

सेल उतरलेले होते, असं त्यांचं निदान. भरताना सेल मेलेले, म्हणून फीत रखडत चाललेली. मग तीच फीत नीट सेलवर वाजवली की पळत सुटते. किती रखडली होती ते कसं काढायचं? काकांनी विचारलं, "ते घड्याळ आहे अजून?" होतं, आत्याच्या घरी, चालूही होतं. काका रिक्षा करून आत्याकडे गेले, घड्याळासमोर खुर्ची टाकून बसले आणि स्टॉपवॉच लावून 100 ठोके मोजले. बरोबर 60 सेकंद. घरी येऊन टेपवरचे 100 ठोके मोजले. 43 सेकंद. शेवटाकडे तर 40, कारण सेल गाता गाता आणखी खचत गेले होते. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. नातवाच्या कंप्यूटरवर, पट्टी आणि लय दोन्ही एकदम उतरतील अशा "प्रामाणिक" बटणानं, त्यांनी टेप शंभरातून 28 नं खाली आणली. शेवटाकडे थोडी अधिक.

ऐकायला मी बाबांना घेऊन गेलो. बाबा काकांच्या कोचावर पाय वर घेऊन बसले. ट्यूब गुणगुणत होती. काकांनी बटण दाबलं. घड्याळ शहाण्यासारखं टिकटिक करू लागलं आणि एक जाड, घोगरा, अगदी सावकाश पुरुषी आवाज भूपाळी म्हणू लागला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. भूपाळी संपली. मग तो खोकला आला. तो खोकला नव्हता, तो खाकरा होता. बाबांनी, वय वर्षं 71, झटकन पाय खाली घेतले आणि ताठ बसले.

आजोबा!

आमचे आजोबा मॅट्रिकच्या पोरांना गणित शिकवायचे. घरात त्यांनी गाणं सोडाच, कधी शीळ घातल्याचं कुणाला आठवत नाही. ते आले की बायका भांडीसुद्धा हळू ठेवत. पहाटे कुणी उठलं नसताना हा माणूस मशीनसमोर बसून भूपाळी म्हणून गेला होता, शेवटी सवयीनं खाकरला होता आणि कुणाला काही बोलला नव्हता. गेली कितीतरी वर्षं आम्ही त्याला आजीच्या श्राद्धाला लावून रडत होतो.

हे आत्याला सांगायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं, मी काकांवर. आत्यानं दोन मिनिटं ऐकलं. मग काकांना म्हणाली, "माझ्या आईचा आवाज मला कळत नाही होय? चांगल्या बाईचा बाप्या केलात तुम्ही! आधी होतं तसं करून द्या."

काकांनी घड्याळाचा हिशेब काढला. आत्यानं घड्याळाकडे पाठ केली. शेवटी काका मुकाट घरी आले आणि मूळ वेगावरची एक नक्कल त्यांनी आत्यासाठी करून दिली. लेबलवर निळ्या शाईनं लिहिलं : "वेग : आत्यांच्या म्हणण्याप्रमाणे." मंडळातली सवय, तक्रारदाराची नोंद ठेवायची.

या प्रकारानंतर काका जरा नरमले होते, आणि नेमका तेव्हाच मी कुठेतरी वाचलेलं त्यांना उत्साहानं सांगून बसलो. सिनेमा थिएटरात सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. आपला टीव्ही 25 चा. म्हणून टीव्हीवर दाखवताना तो तसाच 25 नं पळवायचे. शंभराला चार जोरात.

"म्हणजे काका, छायागीत वर चालायचं."

"किती?" काकांनी विचारलं. उत्तर त्यांना माझ्याआधी ठाऊक झालं होतं. शंभराला सहाची एक पट्टी, तर चारची...

"पाऊण पट्टी. किंचित कमीच," ते स्वतःच म्हणाले, आणि बराच वेळ बोलले नाहीत. दुनियेत एकच जागा अचूक वाटत होती, ती पाऊण पट्टी वर निघाली. मग कान कुठे होता?

त्या रात्री साडेनऊला काकूंचा फोन आला. काका माळ्यावर चढलेत, शिडी धरायला ये. माळ्यावरून चादरीत गुंडाळलेला चावीचा ग्रामोफोन खाली आला. काकांच्या वडिलांचा, मिरजेचा. वडिलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं. 1937 साली खाँसाहेब गेले, त्यानंतर या मशीनवर त्यांची तबकडी लावली की वडील म्हणायचे, अगदी असेच गायचे. काका याच मशीनपुढे मांडी घालून वाढले. त्यांनी सांगलीतल्या निम्म्या चकत्या तपासल्या असतील, ही कधी तपासली नव्हती.

काकांनी तबकडी ठेवली, तिच्याखाली कागदाची चिठ्ठी अशी सरकवली की टोक बाहेर राहील. चावी दिली. मी स्टॉपवॉच धरलं. चिठ्ठीचं टोक समोरून जाताना काकांचं बोट मांडीवर पडायचं. एक मिनिट. पुन्हा चावी, पुन्हा एक मिनिट. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यांनी ट्यूब लावली आणि रेघांची चकती ठेवली. रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या पुढे पुढे निघाल्या.

"81," काका म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. काकूंनी पदरानं झाकणावरची धूळ पुसली, आणि तबकडीशेजारच्या त्या छोट्या लिव्हरकडे बोट दाखवलं. "हे कमीजास्त करायचंच आहे ना? मग घ्या की जरा मागं."

काकांनी त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे. सील केलेला मीटर आहे."

आणि सुई ठेवली.