पुसायचं नाही!

पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी डबी उघडणारे एखादे नाना तुमच्याही ओळखीत असतील. आमच्या नानांच्या डबीत प्राचीन रोमचे चांदीचे डिनेरियस आहेत. आपल्याकडे त्याचंच दीनार झालं, हे ते डबीबरोबर फुकट ऐकवतात. पहिल्यांदा एक हातात आलं तेव्हा मी सवयीने शर्टाला पुसायला गेलो. नाना किंचाळले, "अरे, पुसायचं नाही!" दोन हजार वर्षांचा काळपटपणा म्हणजे म्हणे नाण्याचा दागिना. तो गेला की भाव गेला. नाणं कडेला धरायचं, खाली मऊ कापड आणि श्वास बेतानं.

हा मंत्र मग घरभर पसरला. समई? पुसायचं नाही. पंख्याची पाती? पुसायचं नाही. एकदा नातवाचं नाक वाहत होतं, तेव्हाही नानांच्या तोंडून तेच निघून गेलं.

इ.स. 64 मध्ये निरोने नाण्यातली चांदी कमी केली हे सांगताना नानांचा चेहरा दूधवाल्याला पाणी घालताना पकडल्यासारखा होतो. पुढे दोनशे वर्षांनी, सम्राट गॅलिएनसच्या शेवटच्या काळात, नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नाही. वर नुसता मुलामा! "तो निघाला की तांबं. म्हणून पुसायचं नाही." सीझरला मारून वर दोन खंजिरांचं नाणं पाडणाऱ्या ब्रूटसपर्यंत पेन्शन पोचत नाही, म्हणून त्या नाण्याचा नुसता फोटो भिंतीवर आहे. त्यावरची धूळही अर्थातच शाबूत. 193 साली लिलावात साम्राज्य घेऊन 66 दिवसांत जीव गमावणारा डिडियस जुलियानस त्यांना अजून मिळायचाय. मिळू नये, असं मला मनापासून वाटतं. पुन्हा सगळी डबी बघावी लागेल.

एका दिवाळीत काकूंनी देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर नानांच्या टायबेरियसच्या नाण्यालाही दंतमंजन चोळलं. बादशहा आरशासारखा चमकायला लागला. नाना चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, "कवडीमोल केलंस." काकू म्हणाल्या, "आता निदान त्याचं तोंड तरी दिसतंय."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. परवा गेलो तर डबीच्या पहिल्या खणात तोच टायबेरियस. चांदीच ती, कडेने पुन्हा काळवंडायला लागलेली. नाना स्वयंपाकघरात फळीवरचे डबे हलवत होते.

"काय शोधताय, नाना?"

"दंतमंजन रे. ती कुठे ठेवायची, कोण जाणे."