दोको दे ओरिमास का?

निवृत्तीनंतर परदेशवारी करायची, यावर आमच्या घरी एकमत झालं. कुठे, यावरही झालं: जपान. बायकोला साकुराचा बहर बघायचा होता. मला काय बघायचंय, हे मी हुशारीने तिकिटांचं ठरल्यावर सांगितलं.

"अहो, एकतीस वर्षं वसई ते चर्चगेट केलंत! अजून गाडीची हौस फिटली नाही?"

आता हिला कसं सांगू, की त्या एकतीस वर्षांत मी गाडी पाहिलीच नाही. समोरच्याची मान पाहिली, बाजूच्याची सॅक पाहिली. गाडी बघायला गाडीच्या थोडं लांब उभं राहावं लागतं, आणि विरार लोकलमध्ये ती सोय नाही.

मग मी दोनशे पानी वही घातली. पान पहिलं: शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. १ ऑक्टोबर १९६४ला, टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी सुरू. तेव्हा टोकियो-ओसाका चार तास, आता अडीच तासांच्या आत. पान दुसरं: ओमियाचं रेल्वे संग्रहालय. पान तिसरं: क्योटो. बायकोने वही उघडली ती नेमकी तिथेच.

"क्योटोत देवळं आहेत म्हणतात."

"आहेत ना, भरपूर."

"या पानावर एकही नाही. इथेही रेल्वे संग्रहालयच आहे."

पेन्सिलीने एक देऊळ वाढवलं. स्टेशनपासून जवळ आहे.

जागेचा अभ्यास मात्र मी जिवापाड केला. टोकियोहून ओसाकाकडे जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो, म्हणून साध्या डब्यात 'ई' ही खिडकीची सीट धरायची. दादर कुठल्या बाजूला येतं हे झोपेतही सांगणाऱ्या माणसाला हे काय कठीण! जपानी भाषेचाही श्रीगणेशा केला. लोक आधी नमस्कार शिकतात, आभार शिकतात. मी शिकलो, 'दोको दे ओरिमास का?' म्हणजे, 'कुठे उतरणार?'

"तिथे आपल्या नावाची सीट आरक्षित असते," मुलगी म्हणाली. "कुणाला कशाला विचारायचं?"

पटलं. पण वाक्य पाठ झालंय ते झालंय. बायकोची काळजी निराळीच आहे. बोरिवली गेली की मी उठून दाराशी जातो, मग वसई अजून पाच स्टेशनं लांब का असेना. शिन-योकोहामा सोडलं की नोझोमी ही शिंकान्सेन थेट नागोयाला थांबते, मधे साधारण सव्वातास. तेवढा वेळ मी सीटवर बसून राहीन का, याची तिला खात्री नाही. मलाही नाही.

तिथले मोटरमन प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात, म्हणजे नजर चुकत नाही. मी सरावासाठी आमच्या नाक्यावरच्या सिग्नलला तसं केलं. रिक्षावाल्याला वाटलं, मी त्यालाच बोलावतोय.

२०१७च्या नोव्हेंबरात तिथली त्सुकुबा एक्सप्रेस वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. हे मी लोकलमधल्या जुन्या ग्रुपला सांगितलं. वीस सेकंदांत वसईला अख्खं भजनी मंडळ टाळांसकट चढतं, हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. माफीचं ऐकून सगळे गप्प झाले. मग एकाने विचारलं, "पण राहिलेल्यांनी मागची गाडी पकडली असेल ना?"

हे सगळं सुरू असताना बायकोने पेपर पुढे सरकवला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, ५०८ किलोमीटर, तंत्रज्ञान जपानी, स्थानकं बारा. ठाण्यानंतरच्या नावावर तिने बोट ठेवलं: विरार.

"दोन स्टेशनं," ती म्हणाली. "रिक्षानेही जाता येईल."

मी पेपर घडी करून वहीत ठेवला. व्हिसाच्या कामाला गुरुवारी मुंबईला जायचंय, सकाळच्या गर्दीत. आम्ही वसईला चढणार नाही. आधी उलटे विरारला जाऊ, आणि तिथून बसून येऊ.