शेजाऱ्यांपासून डुकरांना होणाऱ्या उपद्रवाविषयी

प्रति,
मा. सदस्य,
नॉर्थ कॅरोलिना राज्य विधिमंडळ,
रॉली.

विषय : आपल्या शेती-संरक्षण कायद्याबद्दल अभिनंदन आणि एक लहानशी मागणी.

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितो आहे, त्याबद्दल गैरसमज नसावा. ड्युप्लिन, सॅम्प्सन आणि ब्लेडन काउंटीतली माणसं कित्येक वर्षं तुम्हाला स्वच्छ इंग्रजीत आपली गाऱ्हाणी कळवत आली. त्याचा तुमच्यावर किती परिणाम झाला हे पाहिल्यावर भाषेने फारसं काही बिघडेल असं वाटलं नाही.

मी तुमच्याच राज्यातला, कॅरीचा रहिवासी. मूळचा मालवणकडचा. तुमच्या विधानभवनापासून घर तसं जवळ, त्यामुळे तुमच्या कर्तृत्वाच्या बातम्या अगदी ताज्या मिळतात. त्यातला शेती-संरक्षणाचा कायदा मला विशेष भावला.

मुळात कायदा शहाणपणाचा होता, यात शंका नाही. शहरातला माणूस मोकळ्या हवेसाठी गावाबाहेर बंगला बांधतो आणि त्या मोकळ्या हवेला शेणाचा वास येतो म्हणून वकील गाठतो. असली मंडळी पुण्याबाहेरही पैशाला पासरी आहेत. गोठा आजोबांच्या काळापासूनचा, बंगला गेल्या दिवाळीतला, आणि नाक मुरडणार बंगलेवाला! तुमच्या देशात या भांडणाचा एक नमुनेदार निवाडा 1972 साली ॲरिझोनात झाला. डेल वेब नावाच्या बिल्डरने सन सिटी ही निवृत्तांची वसाहत वाढवत वाढवत गुरांच्या छावणीपर्यंत नेली आणि मग माश्या नि दुर्गंधी होते म्हणून छावणीवाल्यांवर दावा लावला. न्यायालय म्हणालं, माणसांच्या आरोग्यासाठी गुरं हलवावी लागतील हे खरं; पण ती हलवण्याचा खर्च बिल्डरने सोसावा, कारण संकटाच्या दारात तो आपल्या पायांनी चालत आला.

हाच विचार तुम्ही 1979 साली कायद्यात आणलात. एखादी शेती सुरू झाली तेव्हा उपद्रवी नव्हती आणि ती वर्षभर चालली, तर पुढे आजूबाजूला वस्ती झाली म्हणून तिला उपद्रव ठरवता येणार नाही. आज पन्नासही राज्यांत असे कायदे आहेत. जो आधी आला त्याला अभय. गावच्या कोणत्याही पंचाला पटेल असा न्याय.

खरं कौतुक पुढेच आहे. तुमच्या राज्यात ऐंशीच्या दशकात वीस-पंचवीस लाख डुकरं होती. नव्वदचं दशक संपेपर्यंत ती नव्वद लाखांच्या घरात गेली. पाच-पन्नास डुकरं पाळणारे हजारो शेतकरी याच काळात धंद्यातून उठले आणि त्यांच्या जागी हजारोंच्या शेड आल्या. या भरभराटीत विधिमंडळाचा वाटा मोठा. वेंडेल मर्फी हे डुकरांच्या धंद्यातलं मोठं नाव तेव्हा तुमच्यातच बसत होतं. शेतीच्या नावाखाली या शेडना काउंटीच्या झोनिंगमधून सूट मिळाली, ती 1991 साली पक्की झाली. म्हणजे आपल्या हद्दीत शेड कुठे असावी हे तेव्हा काउंटीने ठरवायचं नव्हतं. रॉलीच्याच ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने यावर ‘बॉस हॉग’ ही लेखमाला छापली आणि 1996 साली पुलित्झर पटकावलं. राज्याला एवढा मान मिळवून दिल्याबद्दल खरं तर पुलित्झरचा अर्धा वाटा तुमचा.

आज एकट्या ड्युप्लिन काउंटीत सुमारे 20 लाख डुकरं आहेत आणि माणसं पन्नास हजारांच्या आसपास. माणशी चाळीसएक डुकरं. लोकशाही संख्याबळावर चालते, तेव्हा तुम्ही कोणाची बाजू घेतली याचं आश्चर्य वाटायला नको.

या डुकरांचा दिनक्रम मोठा शिस्तीचा असतो. शेडच्या जमिनीला फटी ठेवलेल्या असतात. मल-मूत्र त्यातून खाली पडतं, तिथून पाण्याने ढकलत शेडमागच्या उघड्या तळ्यात जातं. तळं बहुधा गुलाबी दिसतं. रंगाला भुलू नये, तो जिवाणूंचा असतो. तळं भरत आलं की वरचं पाणी पंपाने उपसून मोठाल्या फवाऱ्यांनी शेजारच्या गवतावर उडवायचं. कागदोपत्री हे खत. पण वाऱ्याला काही कागदपत्रं वाचता येत नाहीत, म्हणून तो त्यातले तुषार कुंपणापलीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नेऊन टाकतो. विल्मिंग्टनच्या समुद्रावर जाताना आमची मराठी मंडळी आय-40वर एका ठराविक टप्प्यात गाडीच्या काचा वर करतात. आमचा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटतो. तिथल्या लोकांनी काचा वर करून किती वर्षं बसायचं, एवढाच तपशील उरतो.

ही पद्धत इतकी उत्तम आहे, की 1997 साली तुम्ही स्वतःच नव्या तळ्यांना बंदी घातलीत आणि 2007 साली ती कायमची केलीत. जुनी तळी मात्र चालू ठेवलीत. जुनं ते सोनं, हे तुमच्याकडेही मानतात तर!

आता कोणी विघ्नसंतोषी विचारेल, की यात आधी आलं कोण? बंगलेवाले तर इथे नाहीतच. तळ्यांच्या शेजारी राहणारी बरीचशी कुटुंबं कृष्णवर्णीय आहेत. कित्येकांची जमीन आजा-पणजाने गुलामगिरी संपल्यानंतर पै-पै साठवून घेतलेली. माणसं आधीची आणि डुकरं नंतरची. तुमच्या 1979 च्या न्यायाने अभय कोणाला मिळायला हवं होतं? हा प्रश्न अवघड होता खरा, पण तुम्ही तो ज्या सफाईने सोडवलात त्याला तोड नाही.

झालं असं, की पाचशेहून अधिक शेजाऱ्यांनी मर्फी-ब्राऊन कंपनीवर दावे लावले. ही स्मिथफील्डची उपकंपनी, आणि स्मिथफील्डची मालकी 2013 पासून आताच्या डब्ल्यूएच ग्रुप या हाँगकाँगच्या कंपनीकडे. नीट पाहा, दावे शेतकऱ्यांवर नव्हतेच. या धंद्यात डुक्कर कंपनीचं, खाद्य कंपनीचं. शेतकऱ्याच्या वाट्याला शेड, शेडचं कर्ज आणि तळं. शेजाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं की नफा जिथे जातो, वासाची तक्रारही तिथेच गेली पाहिजे. तरी सभागृहात आरोळी उठली ती ‘शेतकरी वाचवा’ अशीच. शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याची कला आमच्या पुढाऱ्यांनाही अवगत आहे. पण हाँगकाँगची कंपनी गरीब शेतकरी म्हणून उभी करणं अजून त्यांनाही जमलेलं नाही. शिकवणीला पाठवून देऊ का?

दावे चालू असतानाच, 2017 साली, तुम्ही भरपाईला लगाम घातलात. उपद्रवाची भरपाई घराची किंमत किंवा भाडं जेवढं घसरलं असेल तेवढीच. मळमळ, उडालेली झोप, अंगणात बसता न येणं यांना बाजारभाव नाही, म्हणून भरपाईही नाही. आणि ज्या घराचा भाव वासानेच वर्षानुवर्षं मातीमोल केला, ते आणखी घसरणार तरी किती? एवढा बिनखर्चाचा न्याय मी दुसरीकडे पाहिला नाही.

मग 26 एप्रिल 2018 रोजी ब्लेडन काउंटीतल्या दहा शेजाऱ्यांना ज्यूरीने पाच कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. दंडात्मक भरपाईला मर्यादा घालणारा तुमचाच जुना कायदा मध्ये आला आणि आकडा साडेबत्तीस लाखांवर उतरला. ऑगस्टमधल्या तिसऱ्या निकालाचे 47 कोटी 35 लाख याच कात्रीतून 9 कोटी 40 लाख झाले. पण तुम्ही ऑगस्टची वाट पाहिलीच नाहीत. एप्रिलात निकाल लागला आणि जून संपायच्या आत नवा कायदा तयार! गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला, 2017 मध्येही वापरला होता. दोन्ही वेळा तुम्ही तो धुडकावलात. आमच्याकडे पुलाच्या कठड्याला एवढ्या वेळात निविदासुद्धा निघत नाही.

या नव्या कायद्यातलं एकेक कलम कोरीव आहे. दावा लावायचा तर शेती सुरू झाल्यापासून, किंवा तिच्यात मूलभूत बदल झाल्यापासून, वर्षाच्या आत. मालक बदलला, पसारा वाढला, नवं तंत्र आणलं, पीक सोडून पशू आणले, तर हे मूलभूत बदल नव्हेत. तसं तुम्ही 2013 लाच लिहून ठेवलं होतं. तक्रारदार अर्ध्या मैलाच्या आतला हवा. पुढच्यांच्या नाकावर विश्वास नाही. आणि दंडात्मक भरपाई हवी, तर आधी त्या शेतीवर सरकारने कारवाई केलेली हवी. म्हणजे आधी सरकारी खात्याला वास यायला हवा. 2021 साली राज्याच्या अपील न्यायालयानेही 2017 आणि 2018 चे हे कायदे घटनेत बसतात म्हणून उचलून धरले.

जुने दावे मात्र तुमच्या हातातून निसटले होते. नोव्हेंबर 2020 मध्ये फेडरल अपील न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरणारा निकाल कायम ठेवला. दंडाची रक्कम फेरविचाराला परत पाठवली, आणि कंपनीने लगोलग तडजोड जाहीर केली. त्या निकालाला न्यायमूर्ती विल्किन्सन यांनी आपलं वेगळं मत जोडलं. रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश, म्हणजे डावे-बिवे म्हणून त्यांना उडवून लावायचीही सोय नाही. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हा त्रास श्रीमंतांच्या वस्तीत झाला असता तर कधीच मिटला असता. घर गोल्फच्या मैदानाला लागून असो की कच्च्या रस्त्याला, राहणाऱ्याला ते सारखंच. 1610 साली इंग्लंडातही डुकरांच्या वासावरून असाच दावा झाला होता. घराला लागून डुकरांचा गोठा बांधणाऱ्याने बचाव केला, की डुकरं पाळणं माणसाच्या पोटासाठी गरजेचं आहे, तेव्हा शेजाऱ्याने एवढं नाजूक नाक ठेवू नये. न्यायालयाने निकाल नाकवाल्याच्या बाजूने दिला. नाजूक नाकाचा तो बचाव चारशे वर्षं धूळ खात पडला होता. तो झाडूनपुसून कायद्यात बसवण्याचं श्रेय निर्विवाद तुमचं.

आता माझ्या मागणीकडे वळतो. आम्ही राहतो त्या वसाहतीत घरमालकांची संघटना आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी मी सुकट भाजतो. तव्यावर टाकली की पहिलं मिनिट काही नाही, मग तिचा जो खमंग दरवळ सुटतो, तो मालवणात शेजाऱ्याला ताट घेऊन यायला लावतो आणि कॅरीत संघटनेचं पत्र. तुमच्या राज्याच्या कायद्याने अशी संघटना नियमभंगाला दिवसाला शंभर डॉलरपर्यंत दंड करू शकते. गवत जरा वाढलं तरी हाच दंड. यावर उपाय म्हणून ‘सुकट संरक्षण विधेयक’ सोबत मांडतो. मसुदा तुमचाच आहे, मी फक्त प्राणी बदलला.

कलम 1. ज्या घरात सुकट भाजायला लागून वर्ष लोटलं, तिथे पुढे कितीही वास आला तरी तो उपद्रव नव्हे.

कलम 2. मूठभर सुकटीची ट्रकभर झाली, सुकटीवरून बोंबलांवर गेलो, किंवा आमचं स्वयंपाकघर हाँगकाँगच्या कंपनीने विकत घेतलं, तरी हा मूलभूत बदल नव्हे.

कलम 3. कोळंबी धुतलेलं पाणी मागच्या अंगणातल्या खड्ड्यात साठवून शेजाऱ्याच्या हिरवळीच्या दिशेने फवारलं, तर ते खत समजावं.

कलम 4. शेजाऱ्याला भरपाई द्यायचीच, तर घरभाडं घसरलं असेल तेवढी. रविवारची झोप, पाहुण्यांसमोर झालेली शोभा आणि उलट्या यांचा हिशेब धरू नये.

कलम 5. तक्रार करण्याआधी अन्न व आरोग्य खात्याने माझ्यावर स्वतःहून कारवाई केलेली असावी.

हे विधेयक तुम्ही मांडूनही घेणार नाही, हे मी जाणून आहे. कारण इथे नाकं महाग आहेत. माझ्या शेजारी वकील राहतो, पलीकडे औषध कंपनीतले मोठे साहेब, आणि घरांच्या किमती पाच लाखांच्या पुढे. सुकटीचा वास इथून तुमच्यापर्यंत एका फोनने पोचतो. ड्युप्लिनमधला वास पोचायला फेडरल न्यायालय लागलं, आणि तो पोचल्याबरोबर तुम्ही दार लावून घेतलंत.

तेव्हा विधेयक राहू द्या. त्याऐवजी तुमच्याच 1979 च्या कायद्याची एवढी दुरुस्ती करा : आधी आलेल्याला संरक्षण, मग तो शेतकरी असो, डुक्कर असो की नुसता अंगणात कपडे वाळत घालणारा माणूस. जमिनीच्या खरेदीखतावरची तारीख पाहायची, शेडच्या परवान्यावरची तारीख पाहायची आणि मोठ्याने वाचायची. बंगलेवाल्याच्या वकिलापासून खऱ्या शेतकऱ्याचं रक्षण यातूनही होईलच. अडचण होईल ती फक्त नंतर येऊन आधीचा म्हणवणाऱ्याची.

कळावे, लोभ आहेच. तो तुमच्या डुकरांवर आहे तेवढा शेजाऱ्यांवरही असावा.

आपला,
एक करदाता, कॅरी

ता. क. : उत्तराची घाई नाही. वर्ष उलटलं की तुमच्या मौनाविरुद्ध मला तक्रार करता येणारच नाही.